तिसरं पान

टक्कल पडलेल्या शेळीचा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा डॉ. हेमांगी टिकेकर खो-खो हसली. ती एकटीच नाही, वृक्षसुधार केंद्राची अख्खी सोमवारची बैठक हसली. उस्मानाबादी शेळी म्हणजे काळीभोर, तेल चोपडल्यासारखी चकाकणारी. आणि पडद्यावरची ही बया पाठीवर, मानेवर, मांड्यांवर साफ गुळगुळीत होती. कुणीतरी म्हणालं, "हिला सोहोनी सरांच्या न्हाव्याकडे नेलेली दिसतेय." संचालक डॉ. सोहोनींच्या डोक्यावर नावालाही केस नव्हते, त्यामुळे त्यांनाही हसावंच लागलं.

मग दुसरा फोटो आला. शेळीच्या गळ्याखाली लिंबाएवढी गाठ. तिसऱ्या फोटोत पोत्यावर तीन मेलेली करडं ओळीनं ठेवलेली होती. त्यांच्या अंगावर केस आलेलेच नव्हते.

हेमांगीचं हसू तोंडावर तसंच राहिलं. आता त्याचं काय करावं हे तिला कळेना. केस, गळा आणि करडं. या तीन गोष्टी एकत्र आल्या की त्याचा अर्थ काय, हे त्या खोलीत तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिची डॉक्टरेटच त्यावर होती.

"बालाघाटातलं खडकेवाडी नावाचं गाव आहे," सोहोनी कागद वाचत म्हणाले. "तालुक्याचे पशुवैद्य मुजावर म्हणून आहेत, त्यांनी पाठवलंय. गेली दोन वर्षं तिथे पाऊस नाही. टिकेकर, तुम्ही स्वतः जाऊन या. आणि आधी हे बघा, त्यांनी पाला किती घातला. लोकांना प्रमाण कळत नाही आणि खापर मात्र आपल्या पर्णदा सुबाभळीवर फुटतं."

"पण सर, पर्णदाला प्रमाण नाहीच," हेमांगी म्हणाली. "पोटभर घाला असं आपणच लिहिलंय."

"त्याच्या खाली बारीक अक्षरांत 'इतर चाऱ्यासोबत' असंही लिहिलंय. मीच घालायला लावलं होतं ते."

कागद हेमांगीच्या हातात आला. तक्रारीखाली ठसठशीत अक्षरांत नाव होतं: गटप्रमुख, केवळबाई सरवदे. ते तिनं पुन्हा एकदा वाचलं.

ज्यांनी सुबाभूळ फक्त रस्त्याच्या कडेला पाहिली आहे, त्यांना इथे थोडं सांगायला हवं. सुबाभळीसारखं कामसू झाड शोधून सापडायचं नाही. वर्षभरात दोन पुरुष उंच होतं. तोडलं की पुन्हा फुटतं. हवेतला नत्र मुळांशी साठवून खडकाळ जमिनीची माती करतं. लाकूड जळणाला, वाशांना, कागदाला चालतं आणि पाला जनावरं आवडीनं खातात. या झाडात खोड्या दोनच. एक म्हणजे त्याचं बी इतकं सांडतं की बघता बघता रान व्यापतं. आणि दुसरी, त्याच्या पाल्यात मिमोसिन असतं. हे एक अमिनो आम्ल आहे, म्हणजे प्रथिनं ज्यांपासून बनतात त्या जातीचंच, पण तोतया. शरीर त्याला आपलं समजून फसतं. केसांच्या मुळांची वाढ थांबते. पोटात गेल्यावर त्याचं जे रूपांतर होतं, ते गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचं काम बंद पाडतं. म्हणून जुने पशुवैद्य सांगत आले की सुबाभूळ चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको.

हेमांगीनं या दोन्ही खोड्या मोडल्या, निदान सगळ्या देशाला तसं वाटलं. गुणसूत्रांचे चाराऐवजी तीन संच असलेलं झाड तिनं घडवलं. त्याला बी धरत नाही, ते फक्त कलमांनी वाढतं. मिमोसिन बनवणारं जनुक तिला समूळ काढता येईना, कारण ते काढलं की झाड खुरटायचं. कोवळ्या वाढीला त्याची गरज लागते. मग तिनं त्या जनुकाला एक खटका बसवला. पान तयार होऊ लागलं की खटका पडायचा, मिमोसिन बनणं थांबायचं. अशा झाडांच्या शेकडो ओळींतून चारशे सतरा क्रमांकाचं झाड निवडलं गेलं. तेच पुढे पर्णदा झालं. त्याच्या तिसऱ्या पानात मिमोसिनचा मागमूसही नव्हता.

आता तिसरं पानच का? तर शेंड्याचं पान फार कोवळं, खालचं फार जून. शेंड्यापासून मोजत आलेलं तिसरं पान झाडाचा खरा हिशेब सांगतं, असा प्रयोगशाळांचा रिवाज आहे. जगभर सगळे तिसरं पान तोडतात आणि सगळ्यांचे आकडे एकमेकांशी जुळतात. शेळी मात्र पानं मोजत बसत नाही.

हे हेमांगीला नऊ वर्षांपूर्वी केवळबाईनं सांगितलं होतं.

केवळबाई तेव्हा केंद्राच्या फार्मवर रोजंदारीला यायची. चौथी शिकलेली, पण आकडे छापल्यासारखे काढायची. पानांचे नमुने गोळा करणाऱ्या पाच बायांमध्ये तिची चिठ्ठी कधी चुकली नाही. ओळ, झाड, पान, तारीख, कागदी पिशवी, वर दोऱ्याची दुहेरी गाठ. "केवळबाईची पिशवी डोळे मिटून घ्यावी," असं हेमांगी स्वतः नव्या मुलांना सांगायची.

एके दिवशी केवळबाईनं एक पिशवी जास्तीची आणली.

"हे काय?" हेमांगीनं विचारलं.

"कोंब हायेत म्याडम, चारशे सतराचे. शेळी पयल्यांदा ह्येच खाती. तुमचं तिसरं पान तोंडाला लागायच्या आदी तिचं निम्मं पोट भरलेलं आसतंय. म्हनून म्हनलं, ह्ये बी बगावं."

हेमांगीला कौतुक वाटलं. बाईचा हुरूप मोडू नये म्हणून तिनं तो नमुना यंत्रात घातला. आकडा आला तो जुन्या गावठी सुबाभळीच्याही दुप्पट. विष झाडातून गेलंच नव्हतं. तयार पानांमधून ते हटलं होतं आणि शेंड्यात जाऊन बसलं होतं.

मान्यता समितीची बैठक तीन आठवड्यांवर होती. तो आकडा खरा धरला तर खटका नव्यानं बसवायचा, नवी रोपं, नव्या चाचण्या, म्हणजे आणखी निदान चार वर्षं. हेमांगीनं खोटं बोलायचं असं काही ठरवलं नाही. तिनं फक्त एक शक्यता शोधली. चारशे सतराच्या शेजारच्याच ओळीत तुलनेसाठी गावठी सुबाभूळ लावलेली होती. बाईनं कोंब तिथून तोडले असतील, चिठ्ठी इथली लावली असेल. असं होऊ शकतं की नाही? होऊ शकतं. अर्धी पिशवी शीतपेटीत शिल्लक होती. पुन्हा तपासायला एक दुपार पुरली असती. ती दुपार हेमांगीला काही काढता आली नाही, आणि आठवडाभरानं पिशवी कचऱ्यात गेली. नोंदवहीत तिनं लिहिलं: कामगाराच्या हातून चिठ्ठ्यांची अदलाबदल, नमुना रद्द.

एकदा चूक लिहिली की चुकीला शिक्षाही आलीच. केवळबाईला नमुन्यांवरून काढून खुरपणीला पाठवलं. ती केबिनच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"म्याडम, माझं काय चुकलं?"

"चिठ्ठ्या बदलल्या, केवळबाई. गावठीचा पाला पर्णदाच्या पिशवीत गेला."

"आसं कसं व्हईल वो?"

"होतं असं कधी कधी. मी रागावले नाहीये. मनाला लावून घेऊ नका."

केवळबाईनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "तुमी लई मोट्या मनाच्या हाव, म्याडम."

न केलेल्या चुकीबद्दल हेमांगीनं तिला माफ केलं होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्या दिवशी घरी जाताना तिला खरोखरच आपण मोठ्या मनाच्या आहोत असं वाटलं होतं. पुढे पर्णदाला मान्यता मिळाली, डोंगरच्या डोंगर हिरवे झाले, हेमांगीच्या गळ्यात हार पडले. केवळबाईनं वर्षभरात काम सोडलं आणि ती आपल्या गावी निघून गेली. हेमांगीला ते कळलं तेव्हा तिला सुटल्यासारखं झालं होतं. हे आठवलं आणि बैठकीच्या खोलीत भर दिवसा तिचे कान तापले.

बुधवारी सकाळी ती खडकेवाडीला पोचली. डोंगर भाजून निघालेले, ओढ्यात नुसते गोटे. हिरवं म्हणावं असं एकच होतं, बांधाबांधानं लावलेली पर्णदाची झाडं. तीही उभ्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर छाटून छाटून बुटकी केलेली. प्रत्येक बुंध्यावर कोवळ्या कोंबांचा झुबका होता. तिसरं पान शोधायला लागलं असतं.

डॉ. इरफान मुजावर रस्त्यावरच थांबले होते. तिशीतला, उन्हानं रापलेला माणूस. त्यांनी चालता चालता सगळं सांगितलं. शेळीपालनाच्या गटात बावीस बाया. दोन वर्षं रानात गवताची काडी नाही. पहिल्या वर्षी पर्णदानंच शेळ्या जगवल्या. पण तोडलं की फुटायचं, फुटलं की तोडायचं. पानाला पान व्हायला सवडच मिळेना.

"मी म्हटलं, सुबाभळीची बाधा दिसतेय," मुजावर म्हणाले. "पण तुमच्या पुस्तकात तर पर्णदाला बाधाच नाही. मग मी माझ्यावरच शंका घेतली. दोन महिने थायरॉइडची दुसरी कारणं हुडकत बसलो. तेवढ्यात आणखी करडं गेली."

दोन महिन्यांचं आणखी एक ओझं हेमांगीच्या खात्यावर आलं आणि त्या भल्या माणसाला त्याचा पत्ताही नव्हता.

समाजमंदिराच्या सावलीत बाया बसल्या होत्या. केवळबाई त्यांच्यातच, पण एका टोकाला. तिच्या आणि शेजारच्या बाईच्या मध्ये हातभर जागा रिकामी होती, आणि ती आपोआप राहिलेली नव्हती. हेमांगीला पाहताच ती उठली. केस पिकले होते, हसू तेच.

"म्याडम, तुमीच आलाव! लई बरं झालं बगा." मग बायांकडे वळून ती म्हणाली, "ह्याच त्या. म्या सांगितलं न्हवतं का?"

बाया दुसरीकडे बघू लागल्या. केवळबाईची सून पूनम आतून सतरंजी घेऊन आली, तिनं हळूच हेमांगीला सांगितलं, "आत्यांनीच सगळ्यांना लावायला लावलं वो. माझ्या हातनं वाढल्याली झाडं हायेत, डोळे झाकून लावा म्हनल्या. आता बाया त्यांच्यासंगं बोलंनात."

हेमांगीनं बॅगेतून तपासणीच्या पट्ट्या काढल्या. ही पट्टी साधी असते. पाल्याचा रस लावायचा. मिमोसिन असेल तर पट्टीवरच्या लोहाशी त्याचा संयोग होऊन ती जांभळी पडते. जितकं जास्त, तितका रंग गडद. शोधून शोधून मिळालेलं एक तिसरं पान तिनं चुरगाळलं. पट्टी पिवळीच राहिली. मग तिनं कोंब खुडला. पट्टी जांभळाच्या फळासारखी काळपट जांभळी झाली.

मुजावर खाली वाकून बघत राहिले. "म्हणजे शेंड्यात आहे! मॅडम, हे तुमच्या अहवालात नाही."

"तपासावं लागेल," हेमांगी म्हणाली.

काय तपासायचं होतं आता? पण तोंडातून तेच आलं. नऊ वर्षं जी सवय लागली होती, ती एका पट्टीनं थोडीच सुटणार होती!

तेवढ्यात तिच्या टॅबवर सोहोनींचा निरोप आला. सोबत एक जबाब तयार करून पाठवलेला होता, गटप्रमुखाची सही तेवढी घ्यायची. मुजावरांनी तो बायांना वाचून दाखवला: शिफारस असूनही आम्ही इतर चारा न देता केवळ पर्णदाचा पाला दिला, त्यामुळे झालेल्या नुकसानीला आम्ही स्वतः जबाबदार आहोत.

बायांमध्ये कुजबुज झाली. "दुसरा चारा आनायचा कुटनं? डोंगर खायला घालायचा का?" चंपाबाई नावाची एक धिप्पाड बाई म्हणाली. पोत्यावरची ती तीन करडं तिची होती.

"ऱ्हाऊ दे चंपे," केवळबाई म्हणाली. "लिवलंय त्ये खरंच हाये. दुसरा चारा घातलाच न्हाई आपुन. आना म्याडम, कुटं करू सही? माझंच कायतरी चुकलं आसंल. फार्मावर बी माज्या हातनं चूक झाली व्हती, लई मोटी. म्याडमनी पोटात घातली, न्हाईतर दुसऱ्या कुनी हाकलून दिलं आसतं. इचारा की म्याडमला."

ती हे अभिमानानं सांगत होती. आपल्या चुकीचा नव्हे, म्याडमचा अभिमान. तिचं बोट काचेवर टेकायला आलं होतं. ते टेकलं असतं तर हेमांगीचं सगळं सुरळीत झालं असतं. केंद्र वाचलं असतं, नाव वाचलं असतं, आणि ते वाचवायला पुन्हा तीच बाई कामी आली असती. हेमांगीला स्वतःची इतकी किळस आली की तिनं टॅब हिसकावूनच घेतला.

"थांबा केवळबाई. जरा माझ्यासोबत या."

बाया बघत राहिल्या. दोघी समाजमंदिराच्या मागच्या कडुलिंबाखाली गेल्या. हेमांगीनं मनात जुळवलेली वाक्यं होती, समितीची घाई, विज्ञानातली अनिश्चितता, असली. त्यातलं एकही तिला त्या बाईच्या तोंडाकडे बघून म्हणता येईना.

"तुमची चिठ्ठी चुकली नव्हती," ती म्हणाली.

"कंची चिठ्ठी?"

"कोंबांची. चारशे सतराची. तुम्ही बरोबर झाडाचेच कोंब आणले होते. मला ते तेव्हाच कळलं होतं. मी नमुना पुन्हा तपासला असता तर सगळं उघड झालं असतं, म्हणून मी तो टाकून दिला. आणि वहीत तुमचं नाव घातलं."

केवळबाई तिच्याकडे पाहतच राहिली. चेहऱ्यावर राग नव्हता, अजून काही नव्हतंच. मग ती म्हणाली, "म्हंजी मी चुकलेच न्हवते."

"नाही."

"तवापास्नं मी कुटं बी आकडा लिवला की सुनेला दावते, म्याडम. शेळ्यांच्या कानातले बिल्ले तीच लावती. गटाची वही माज्याकडं द्यायलेत तर मी म्हनले, नगं बाबा, माज्या हातनं चुका व्हत्यात." ती थांबली. मग एकदम तिनं विचारलं, "कोंबात काय निघालं व्हतं?"

"विष. गावठीच्या दुप्पट."

"तवाच?"

"तेव्हाच."

केवळबाई खाली बसली. लिंबाच्या बुंध्याला हात टेकून, म्हातारी बसते तशी.

"ह्ये मला कुनी सांगितलंच न्हाई," ती म्हणाली. "चूक झाली म्हनलाव, काय निघालं त्ये न्हाई सांगितलं. तुमी माझी चूक म्हनून का व्हईना, पर कोंबात इख निघालं येवढं सांगितलं आसतं, तरी म्या वळखलं आसतं. माझ्या हातची पिशवी मला म्हाईत न्हाई व्हय? म्या ह्या बायांना कोंब घालू दिले नसते. करडं वाचली आसती की वो."

हेमांगीनं हा विचार नऊ वर्षांत एकदाही केला नव्हता. तिनं एका बाईचं नाव खराब केलं, एवढंच आपलं पाप ती समजत आली होती. त्या बाईला आकडा कळायला हवा होता, तिला तो वाचता आला असता आणि त्यातून ती शहाणी झाली असती, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. शरमेनं तिला वर बघवेना.

"केवळबाई, मला माफ..."

"त्ये ऱ्हाऊ द्या," केवळबाई मध्येच म्हणाली आणि उठली. "माज्या एकलीला कशाला सांगताव? बाया बसल्यात तिकडं. त्यांच्यापुढं सांगा. जसं आत्ता सांगितलं तसंच सांगा, कमी-जास्ती करू नगा."

हेमांगीनं सांगितलं. उभं राहून, सगळ्यांसमोर, मुजावर लिहून घेत असताना. शेंड्यात विष आहे, हे मला नऊ वर्षांपूर्वी माहीत होतं. केवळबाईंनी शोधून काढलं होतं. मी ते दडवलं आणि चूक त्यांच्या नावावर घातली. सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

मग चंपाबाई म्हणाली, "मंग माझी करडं?"

"माझ्यामुळे मेली," हेमांगी म्हणाली.

मुजावरांनी लिहिलेल्या कागदावर तिनं सही केली आणि तो तिथूनच समितीला आणि केंद्राला पाठवला. पाचव्या मिनिटाला सोहोनींचा फोन. दोनदा तिनं वाजू दिला, तिसऱ्यांदा उचलला.

"टिकेकर, डोकं फिरलंय का? अर्ध्या राज्यात पर्णदा लागलीय! तुम्ही काय करताय ते कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय सर. म्हणून म्हणते, अर्ध्या राज्याला आजच्या आज निरोप पाठवा. शेंडे जनावरांना घालू नका म्हणून."

"तुमची नोकरी तर गेलीच, पण केंद्रसुद्धा..."

"निरोप आधी पाठवा," असं म्हणून तिनं फोन ठेवला. तिला वाटलं होतं, आता तरी छाती हलकी होईल. तसं काही झालं नाही.

समाजमंदिरापुढे मात्र वेगळीच गडबड सुरू झाली होती. शेळ्या सकाळपासून उपाशी होत्या आणि ओरडत होत्या. बाधा झालेल्या शेळीचा पाला बंद केला तर चार-सहा आठवड्यांत केस परत येतात, गाठ बसते, मुजावर सांगत होते; पण पर्णदा बंद केली तर खायला घालायचं काय, हा बायांचा प्रश्न होता.

उत्तर केवळबाईनंच काढलं. "झाड बंद करायचं न्हाई. कोंब खुडायचे. समदे खुडून खड्ड्यात पुरायचे, म्हंजी खालचं पान वाढंल. हिरीकडच्या बांधाला झाडं छाटल्याली न्हाईत, तिथं तयार पान हाये. आज तिथनं सुरू करू. डाक्टर, तुमच्या त्या पट्टीनं आमाला दर दोन दिसाला बगून द्या."

"पट्ट्याच देऊन जातो," मुजावर म्हणाले. "तुम्हीच बघा. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

केवळबाईनं पट्ट्यांची डबी घेतली. तिनं सुनेकडे पाहिलं नाही, दाखवलं नाही, सरळ कमरेला खोचली. बाया विहिरीकडे निघाल्या. चंपाबाई काही क्षण तिथेच घुटमळली, मग झपझप पावलं टाकत गेली आणि केवळबाईच्या बरोबरीनं चालू लागली.

हेमांगीही मागोमाग गेली. विहिरीकडच्या बांधावर पर्णदा दाट माजली होती, खालपर्यंत पानांनी भरलेली. बाया ओळीनं उभ्या राहिल्या आणि फांद्या वाकवून शेंडे खुडू लागल्या. हेमांगीनं ओढणी कमरेला बांधली आणि टोकाच्या झाडाशी जाऊन एक फांदी खाली ओढली.

"तुमी नगा," केवळबाई म्हणाली.

"मला येतं केवळबाई. नीट खुडते मी."

"येत आसंल. पर एक बी कोंब ऱ्हायला तर शेळी आदी त्योच धरनार. तुमच्या मागनं मला समदी वळ परत बगावी लागंल." तिच्या आवाजात राग नव्हता. कामातली अडचण सांगावी तसं ती सांगत होती. "तुमी बसा तिकडं सावलीला."

हेमांगीनं फांदी सोडली. ती जाऊन विहिरीच्या कट्ट्याशेजारी बसली. थोड्या वेळानं पूनमनं तिला चहा आणून दिला. दूध आटल्यामुळे कोरा, पण पाहुणीला द्यायचा तसा कपबशीतून. हेमांगीनं तो घेतला. बांधावर बाया पुढे पुढे सरकत होत्या आणि केवळबाई त्यांच्या मागून एकेक फांदी उलटीपालटी करून बघत होती. मध्येच ती एखादीला हाक मारायची, राहिलेला कोंब बोटानं दाखवायची, आणि ती बाई मुकाट्यानं मागे येऊन तो खुडायची. दिवस मावळेपर्यंत हे चाललं. हेमांगीकडे पुन्हा कुणी वळून बघितलं नाही.